शरीरात शिरल्यावर रोगजंतू आपली जनुकं बदलतो का? आणि त्याला आत आल्याचं कळतं कसं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. टायफॉईडचा जंतू अंगात गेल्यावर 'आपली जनुकं बदलतो' असं वाचलं, ते खरं का? एवढ्याशा जिवाला आपण माणसाच्या पोटात आलोय हे कळतं कसं? आणि हे बदलणंच थांबवेल असं औषध का नाही?

मी कोल्हापुरात एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. त्याआधी चार वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच लॅबमधल्या एका गोंधळातून देते.

डिसेंबरातली गोष्ट. मुलांनी सेराशिया नावाचा जिवाणू प्लेटांवर ओढून (स्ट्रीक करून) ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. शनिवारी सकाळी बघितलं तर छान पांढऱ्या वसाहती आल्या होत्या. प्लेटा बाहेर काढायच्या राहून गेल्या. त्या रात्री लाईट गेली, स्विच ट्रिप झाला, आणि इन्क्युबेटर सोमवारपर्यंत थंड पडून राहिला. सोमवारी दार उघडलं तर पांढऱ्या वसाहती गुलाबी-तांबड्या. "मॅडम, कंटॅमिनेशन झालं, दुसराच जंतू शिरला," म्हणत एका मुलानं प्लेटा टाकायला डबा पुढे ओढलासुद्धा. मी म्हटलं, थांब. या तांबड्यातलंच थोडं उचल, नव्या प्लेटवर ओढ आणि ३७ ला ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी प्लेट पांढरीशुभ्र. त्या पांढऱ्यातून एक प्लेट टेबलावरच ठेवली, ती पुन्हा तांबडी. तेव्हापासून आमच्याकडे या प्रॅक्टिकलचं नाव 'तांबडा-पांढरा' पडलंय. जर्नलमध्ये तेवढं लिहू नका असं दरवर्षी सांगावं लागतं.

हा जिवाणू अठ्ठावीस-तीस अंशांना तांबडा रंग तयार करतो, ३७ ला करत नाही. जनुक बदललं असतं तर तांबड्यातून उचललेला जंतू ३७ लाही तांबडाच राहिला असता. तसं झालं नाही. रंगाची जनुकं दोन्ही वेळा पेशीत होतीच, फक्त एकदा वाचली गेली आणि एकदा मिटून राहिली.

तर 'जनुकं बदलतो' हे तुम्ही जिथे वाचलं, तिथे क्रियापद चुकलंय. जंतू काय वाचायचं ते बदलतो. टायफॉईडच्या साल्मोनेलाकडे साडेचार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. ती सगळी एकाच वेळी चालवणं म्हणजे घरातली सगळी उपकरणं रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखं. परवडत नाही. प्रत्येक जनुकाची आधी आरएनएमध्ये नक्कल करायची, मग तिच्यावरून प्रथिन बांधायचं, या सगळ्याला ऊर्जा लागते. दुधातली साखर समोर असेल तरच ती पचवणारी प्रथिनं करायची, हा ई. कोलायचा काटकसरीपणा फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली उलगडून दाखवला, आणि १९६५ चं नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं. पुढे रोगजंतूंबद्दल जे कळत गेलं ते याच वाटेवरचं.

खरा बदल, म्हणजे म्युटेशन (जनुकाचा मजकूरच बदलणं) किंवा बाहेरून नवं जनुक मिळणं, तोही होतो. औषधाला दाद न देणारा टायफॉईड बहुतेक त्यातून येतो आणि तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरतो. पण ते प्रकरण वेगळं. इथे दोन्हींची गल्लत करू नका.

आता कळतं कसं. इथे मला 'कळतं' या शब्दाचीच अडचण आहे.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की दरवाजा स्वतःहून उचलला जातो, पातळी उतरली की स्वतःहून बसतो. कुणी बटण दाबत नाही, कुणी हुकूम देत नाही. "सहा नंबरचा दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग" अशी बातमी आली की इकडे पंचगंगेकाठची माणसं राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायला लागतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता त्या दरवाजाला 'पावसाळा आला' हे कळतं का? नाही. त्याला फक्त पाण्याचा दाब जाणवतो. पण पावसाळा आल्याशिवाय तेवढा दाब येत नाही, म्हणून दाब म्हणजेच पावसाळा हे गणित जुळून जातं.

जंतूचं तसंच. त्याला माणूस कळत नाही. त्याला ऊब जाणवते, मीठ जाणवतं, आम्लता जाणवते, लोह नसल्याचं जाणवतं. आणि ३७ अंश, प्राणवायू कमी, लोह जवळजवळ नाही, असं सगळं एकत्र जिथे मिळतं ती जागा लाखो वर्षं कुठल्या तरी प्राण्याचं अंगच निघालीय.

सगळ्यात साधा दरवाजा लिस्टेरियाचा. हा कच्च्या दुधातून येऊ शकतो, फ्रिजमध्येही वाढतो. (कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी राग मानू नये, मीही प्यायलेय.) त्याच्या रोगकारक जनुकांचा मुकादम म्हणजे पीआरएफए नावाचं प्रथिन. त्या प्रथिनाची आरएनए नक्कल थंडीत स्वतःवरच घडी घालून बसते, आणि वाचायला सुरुवात करायची जागा नेमकी त्या घडीत दडलेली असते. ३७ अंशांना घडी उलगडते आणि वाचन सुरू होतं. २००२ साली हे दाखवलं गेलं तेव्हा मी हे वाचून वर्गात तासभर तेवढंच बोलले होते. थर्मामीटर वेगळा नाहीच. निरोपाचा कागदच थर्मामीटर.

प्लेगचंही असंच. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे कोल्हापूर संस्थानातही पोचला. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आमच्या घरात पणजीपासून चालत आल्यात. प्लेगचा जंतू पिसवेत असतो तेव्हा साधारण २६ अंशांत असतो. तिथे तो चिकट थर करून पिसवेच्या अन्नमार्गाचं तोंडच बुजवतो, मग उपाशी पिसू चावत सुटते. माणसात, ३७ अंशांना, तो चिकटपणा आवरला जातो आणि आपल्या पांढऱ्या पेशींवर चालवायची वेगळी हत्यारं निघतात. पण मला त्याहून भारी वाटते ती दुसरी गोष्ट. जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यात एक स्निग्ध पदार्थ असतो. आपली प्रतिकारयंत्रणा त्याच्या शेपट्यांवरून चोर ओळखते. पिसवेच्या तापमानात प्लेगचा जंतू त्याला सहा शेपट्या लावतो. ३७ ला चारच लावतो. सहा शेपट्या आपल्याला लगेच कळतात, चार नीट कळत नाहीत. आत आल्यावर त्यानं आवाज वाढवला नाही, कमी केला.

हाच माझा मुद्दा आहे. लोकांना वाटतं, अंगात शिरला की जंतू हत्यारं चालू करतो. करतो. पण तो काय बंद करतो, तिकडे जास्त लक्ष द्या. टायफॉईड हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि तुम्ही नेमकं तेच विचारलंय.

दूषित पाण्यातून जंतू पोटात गेला. जठरातल्या आम्लात बरेच मरतात, उरलेले आम्ल सोसायची तयारी करून लहान आतड्यात उतरतात. तिथे प्राणवायू कमी, खारटपणा जास्त. या दोन खुणांवर पहिला दरवाजा उघडतो. आतड्याच्या पेशीत प्रथिनं टोचणारं सुईसारखं यंत्र बांधलं जातं, शेपटीसारखी फ्लॅजेला फिरायला लागतात, जंतू पोहत जाऊन पेशीला टेकतो, टोचतो, आणि पेशी बिचारी स्वतःच लाट उठवून त्याला आत ओढून घेते. साल्मोनेलाच्या दुसऱ्या, अन्नविषबाधेच्या प्रकारात असंही दिसलंय की सगळे जंतू एकदम सुया बांधत नाहीत. काही बांधतात, काही तसेच राहतात. साती दरवाजे एकदम उघडत नाहीत, तसं.

इथपर्यंत टायफॉईडचा जंतू आणि लग्नाच्या जेवणातून येणारा विषबाधेचा साल्मोनेला बरेचसे सारखे. दोघांची जातही एकच, साल्मोनेला एंटेरिका. पण विषबाधेचा असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत जुलाब आणि ताप, अख्खं वऱ्हाड आडवं. टायफॉईडमध्ये मात्र आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, काहीच नाही. माणूस कामाला जातोय, जेवतोय, आणि जंतू आत आहे. ही शांतता येते कुठून?

आतड्याच्या पोकळीतून जंतू भिंतीपलीकडे गेला की खारटपणा उतरतो. या उताराचा दरवाजा टायफॉईडच्या जंतूकडे आहे, विषबाधेवाल्याकडे नाही. टीव्हीआयए नावाचं एक नियंत्रक प्रथिन तिथे वाढतं आणि दोन कामं एकदम करतं. जंतूवर साखरेच्या साखळ्यांचं एक गुळगुळीत आवरण चढवतं, आणि फ्लॅजेला व पहिली सुई बंद करायला लावतं. फ्लॅजेलाचं प्रथिन आपल्या पेशी फार चटकन ओळखतात, ते सापडलं की लगेच बोंब ठोकतात. म्हणून पोहून झालं की वल्ही पाण्यात टाकायची. अंगावर घोंगडं घ्यायचं. गप्प बसायचं.

या घोंगड्याची माझी स्वतःची ओळख पॅथॉलॉजी लॅबमधली. रुग्णाच्या रक्तातून नुकताच वाढवलेला जंतू होता. बाकी सगळ्या चाचण्या टायफॉईडच म्हणत होत्या, पण स्लाईडवर 'ओ' सीरममध्ये, म्हणजे जंतूचा पापुद्रा ओळखणाऱ्या द्रावात, गुठळ्या होईनात. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. रिपोर्टला उशीर झाला म्हणून खाली काउंटरवर नातेवाईक तापलेले. शेवटी आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी मागून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "उकळून घे गं." उकळलं, पुन्हा केलं, भराभर गुठळ्या झाल्या. उकळल्यानं आवरण निघून गेलं होतं आणि खालचा ओळखीचा चेहरा उघडा पडला होता. फेलिक्स आणि पिट यांनी १९३४ साली या आवरणाला 'व्ही-आय' नाव दिलं ते व्हिरुलन्स, म्हणजे रोगकारकता, या शब्दावरून. आमचं बाटलीतलं सीरम जिथे फसलं, तिथेच रुग्णाचं अंगही काही दिवस फसत असतं. हे पुस्तकात आधी वाचलं होतं, पण डोक्यात त्या दिवशी गेलं.

पुढचा टप्पा मॅक्रोफेजचा. ही आपली भक्षक पेशी जंतूला गिळून एका पिशवीत कोंडते, पिशवी आंबट करते, मॅग्नेशियम काढून घेते, जंतूचा पापुद्रा फोडणारी छोटी प्रथिनं सोडते. म्हणजे मारायचा सगळा बंदोबस्त. आणि जंतू याच बंदोबस्ताचा पत्ता म्हणून वापर करतो. त्याच्या पापुद्र्यात पीएचओक्यू नावाचं संवेदक प्रथिन बसलेलं असतं. आम्लता, मॅग्नेशियमची टंचाई आणि ती छोटी प्रथिनं, तिन्ही त्याला जाणवतात. ते आतल्या पीएचओपी या जोडीदाराला निरोप देतं आणि मग शेकडो जनुकांची उलथापालथ होते. पापुद्रा पक्का होतो. दुसरी सुई बांधली जाते, पहिलीपेक्षा वेगळी, आत येण्यासाठी नव्हे तर आत टिकण्यासाठी. तिच्यातून सोडलेली प्रथिनं त्या पिशवीचा कोंडवाडा न राहू देता बिऱ्हाड करून टाकतात. प्रयोगशाळेत पीएचओपी काढून टाकलेला साल्मोनेला उंदराला आजारी पाडू शकत नाही. बाकी सगळी हत्यारं शाबूत असूनही.

लोहाबद्दल थोडं. आपलं शरीर लोह मोकळं ठेवतच नाही. रक्तात ते ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं, पेशीत डब्यात बंद. त्यामुळे 'लोह नाही' ही जंतूंसाठी आत आल्याची मोठी खूण. घटसर्पाच्या जंतूचं विष याच खुणेवर सुटतं. लोह भरपूर असेल तर एक प्रथिन विषाच्या जनुकावर बसून राहतं, लोह संपलं की ते उठतं. गंमत अशी की विषाचं जनुक त्या जंतूचं स्वतःचं नाहीच, त्याच्यात शिरलेल्या विषाणूनं आणलेलं आहे. चुलीवरचं भांडं दुसऱ्याचं, पण चुलीची कळ घरमालकाच्या हातात.

क्षयाच्या जंतूवर लिहायला बसले तर दुसरं उत्तर होईल. थोडक्यात, प्राणवायू कमी पडला किंवा नायट्रिक ऑक्साईड आलं की त्याची पन्नासेक जनुकांची एक टोळी जागी होते आणि तो मंद होऊन पडून राहतो. आहारही बदलतो, साखरेऐवजी आपल्याच पेशींमधली चरबी आणि कोलेस्टेरॉल. औषधं चालत्या कारखान्यावर जास्त चांगला घाव घालतात, बंद पडलेल्यावर कमी. क्षयाची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात त्याचं हे एक मोठं कारण.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूनं तर बंद करण्याचीही वेळ साधलीय. कॉलऱ्याचे जुलाब जंतूनं बाहेर सोडलेल्या विषामुळे होतात, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्याचे बांधलेले तुकडे वापरून दाखवलं. (नोबेल मिळायला हवं होतं असं मानणारे खूप आहेत, मीही त्यातलीच.) हे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप सोडून गर्दी मोजतात. संख्या कमी असताना चिकटायचं आणि विष करायचं. गर्दी झाली की विष बंद, चिकटपणा सोडणारं प्रथिन चालू, आणि जुलाबाच्या पाण्याबरोबर बाहेर, पुढच्या घरी.

हे सगळं कळलं कसं, हेही सांगायला हवं, कारण प्लेटवरचा जंतू रुग्णातला जंतू नसतो. प्लेटमधल्या आमच्या आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) त्याला आयतं जेवण, लोह, प्राणवायू सगळं मिळतं. तिथे तो आतली कळ दाबेलच कशाला? १९९३ साली महान, स्लॉच आणि मेकॅलानोस यांनी एक फार हुशार युक्ती काढली. साल्मोनेलाचं उंदराच्या अंगात जगायला आवश्यक असं एक जनुक मोडलं, आणि त्याची चांगली प्रत जंतूच्या वेगवेगळ्या कळींना (जनुकं चालू-बंद करणाऱ्या बटणांना) जोडून असे असंख्य जंतू उंदरात सोडले. ज्याची कळ उंदराच्या अंगात चालू झाली तोच जगला. मग त्या वाचलेल्यांतून असे निवडले की ज्यांची कळ प्लेटवर बंद असते. म्हणजे फक्त आत चालू होणारी जनुकं आपोआप चाळून निघाली. आता थेट आरएनए वाचतात. त्यातही त्रास असा की जंतूचा आरएनए मिनिटांत विरतो आणि नमुन्यात बहुतेक सगळा आरएनए माणसाच्या पेशींचाच असतो, जंतूचा चिमूटभर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोन्हींचा आरएनए एकाच नमुन्यातून वाचायची पद्धत बसलीय. आमच्या कॉलेजात ते यंत्र नाही, आमच्याकडे तांबडा-पांढरा आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कळ दाबूच न देणारं औषध. लोक त्यामागे आहेत. २००५ साली व्हिरस्टॅटिन नावाचा एक रेणू सापडला. तो पटकीच्या जंतूच्या विषाची कळ चालवणारं प्रथिन अडवतो. उंदरांच्या पिल्लांत जंतूला आतड्यात घर करू देईना. जंतू मरत नाही, म्हणून प्रतिकार तयार व्हायचा दाबही कमी पडेल अशी आशा. मेडिकलमध्ये मात्र आजही तुम्हाला मिळतं ते अँटिबायोटिकच.

मला स्वतःला टायफॉईडच्या बाबतीत याची फार आशा वाटत नाही, आणि कारण शास्त्रापेक्षा घड्याळाचं आहे. पहिली सुई आतड्यात चालली, ती पहिल्या दिवसांत. रुग्ण दवाखान्यात येतो ताप चढल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी. तोवर जंतूनं ती सुई स्वतःच बंद करून मोडीत काढलेली असते आणि तो मॅक्रोफेजमध्ये घोंगडं पांघरून बसलेला असतो. त्या वेळी पहिली सुई अडवणारी गोळी देणं म्हणजे पुराचं पाणी खाली लांबवरच्या शिरोळपर्यंत पोचल्यावर राधानगरीचा दरवाजा दाबून धरायला माणसं पाठवणं. अडवायचीच तर दुसरी सुई किंवा पीएचओक्यू, आणि तेही गोळीतला रेणू रक्तातून पेशीत, पेशीतून त्या आंबट पिशवीत जिवंत पोचला तर.